डेंगेवाला

पहिला आला गुणाजीमामाच्या दाढीच्या डब्यातून,
साबणाखाली चिकटलेला.
पुठ्ठ्याचा तुकडा, पत्त्याहून थोडा रुंद,
त्यावर टोपी घातलेला कोणी एक, ओठ घट्ट मिटून,
आणि डाव्या हाताला काहीतरी तपकिरी, सुपाएवढं.
'ह्येचो हात सुजलो हा काय?'
मामा म्हणाला, 'म्हायत नाय. च्युइंगमात गावलो.
टाकूक जीव होवक नाय.'

देवगडच्या खाडीत ओहोटीला चिखलावर
तांबडे खेकडे निघतात,
एक डेंगा केवढा, दुसरा नावापुरता.
तसाच हा.
मी त्याचं नाव डेंगेवाला ठेवलं. खरं नाव खाली छापलेलं होतं,
पण इंग्रजी पाचवीपासून, आणि मी तिसरीत.

दुसरा यायला अकरा महिने लागले.
बोट बाल्टिमोरला लागली होती म्हणे, बर्फात.
एक असतो तेव्हा नुसती वस्तू असते,
दोन झाले की जोडी.
तिसऱ्याला मी डबा मागितला
आणि त्या दिवशी अडकले.

डबा बिस्किटांचा, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी,
कसर लागू नये म्हणून वेखंडाचा तुकडा.
तरी श्रावणात पत्ते वाकायचेच,
होडीसारखे, दोन्ही टोकं वर.
मग पाट्याखाली ठेवायचे. आई वाटण वाटायची
आणि खाली सात परदेशी माणसं सरळ व्हायची.

शाळेत शिरीष मोंडकरकडे क्रिकेटवाले होते.
भाव ठरला होता: तीन क्रिकेटवाल्यांना एक डेंगेवाला.
मी कधी दिला नाही, २१७ नंबर दोनदा आला तोवर.
दोन्ही समोर ठेवून संध्याकाळभर बसले.
एक कोरा करकरीत. दुसऱ्याच्या कोपऱ्यावर
इंजिनरूमच्या ग्रीसचा अंगठा.
कोरा शिरीषला दिला.
तो अजून म्हणतो, फसवलं गो तुका.

मागच्या बाजूला आकडेच आकडे.
खेळ कुणालाच ठाऊक नव्हता, पीटीच्या सरांनाही नाही.
पण ओळी मी वाचायला शिकले:
एक ओळ म्हणजे एक वर्ष,
गाव बदललं की संघ बदलला.
११६ नंबरवाल्याचं एक वर्ष
मधेच रिकामं. नुसती रेघ.
काय झालं असेल? आजारपण? तुरुंग? लग्न?
किती रात्री त्या रेघेवर घालवल्या, सांगत नाही.

एक्केचाळीसवर गाडी थांबली.
मामाचे गुडघे गेले, तो बोटीवरून उतरला.
कबूलही केलं, मॅच एकही बघितली नाही,
विडी सुटावी म्हणून गम चघळायचा.
विडी काही सुटली नाही.

आता एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
लॅमिनेशन करते: रेशनकार्डं, दाखले, आंब्याच्या पेट्यांची लेबलं.
पत्ते करत नाही.
डबा उघडला की अजून गुलाबी वास येतो, अगदी पुसट,
प्लास्टिकमध्ये तो कुठे जाईल?
शिरीषच्या मुलाने मोबाइलवर किंमत काढली.
'आत्ये, डाग नसतो तर बरे पैसे आले असते.'
नसता तर, म्हटलं.

गेल्या मंगळवारी मामा आला, पेन्शनचं काहीतरी होतं,
सीडीसीचं पुस्तक घेऊन. दोन प्रती हव्या होत्या.
काचेवर पान उपडं घालताना दिसलं:
एक ओळ, एक बोट. एक ओळ, एक बोट.
आणि मधे एक वर्ष रिकामं.
'ह्या साली खंय होतास?'
त्याने चष्मा वर केला.
'घराक. चिखलात खेकडे दाखवूक तुका कोण नेय होतो?'

मला आठवत नाही. खेकडे आठवतात.

दोन प्रती काढल्या. तिसरी लहान करून, पत्त्याएवढी,
नंबर न घालता डब्यात ठेवली.
मामाने काउंटरवर दोन प्रतींचे पैसे
मोजून ठेवले, सुटे.